आकाशातले कुलूप

चोरी म्हणजे काय, हे आपल्याला पाटीवर पहिले अक्षर गिरवण्याच्या आधीच कळलेले असते. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता घेणे म्हणजे चोरी. व्याख्या इतकी सरळ आहे, की मोठेपणी तिच्याविषयी पुन्हा विचार करण्याची पाळी सहसा येत नाही. शेजाऱ्याच्या परसातला पेरू तोडला, वाण्याच्या पोत्यातले मूठभर शेंगदाणे उचलले, बाकावरच्या सोबत्याची पेन्सिल आपल्या दप्तरात घातली. प्रत्येक वेळी एक वस्तू एका ठिकाणची नाहीशी होते आणि दुसऱ्या ठिकाणी उगवते. एकाचे कमी होते, दुसऱ्याचे वाढते. तराजूची दोन्ही पारडी डोळ्यांना दिसतात, म्हणून निवाडा करणेही सोपे जाते.

पण समजा, वस्तू अशी आहे की ती घेतली तरी धन्याजवळ ती जेवढीच्या तेवढीच राहते. समजा, ती आणायला तुम्ही कोणाच्या दारात गेलेला नाहीत. उलट तीच दिवसरात्र तुमच्या छपरावर, अंगणातल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या धोतरा-लुगड्यांवर आणि तुमच्या डोक्यावर पडते आहे. आणि समजा, तुम्ही ती उचललीत तर तिन्ही लोकांत कोणाला पत्ता लागणार नाही. अशा वस्तूला कोणी कुलूप घातले असेल, तर ते उघडणे ही चोरी होईल काय? आणि होत असेल, तर ती कोणाची?

हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथात भेटला नाही. तो भेटला आमच्या घरातल्या एका जुन्या संगणकाच्या पोटात.

आमच्या कृष्णाकाठच्या गावात संध्याकाळी काही मुले माझ्याकडे अभ्यासाला येतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी पाय पसरून बसायलाही जागा नाही, मग वह्या पसरायला कुठली असणार? केंद्र सरकारने २०१७ साली ‘स्वयंप्रभा’ या नावाने शैक्षणिक वाहिन्यांचा एक समूह सुरू केला. आरंभी त्यात ३२ वाहिन्या होत्या. पुढे २०२० साली शाळकरी मुलांसाठी ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ अशी योजना जाहीर झाली. हे पाठ कुलपावाचून, फुकट, आकाशातून खाली येतात. अडचण एवढीच, की पाठ येतो तेव्हा मुले शाळेत असतात, आणि मुले माझ्याकडे येतात तेव्हा पाठ होऊन गेलेला असतो. कधी दोघांची गाठ पडण्याचा योग आलाच, तर नेमकी लाईट जाते. पाठ साठवून ठेवता आला तर हवा होता.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी डिश बसवण्याचा आणि संगणक दुरुस्तीचा धंदा करतो. तो म्हणाला, ‘‘सर, तुमच्या जुन्या संगणकात ट्यूनर कार्ड टाकू आणि तो टीव्हीला जोडू. मग टीव्ही, रेकॉर्डिंग, सिनेमा, गाणी, सगळं एकाच पेटीत. आणि कार्डाला दोन तोंडं असली, म्हणजे एक पाठ बघताना दुसरा भरून घेता येईल.’’

एका रविवारी सकाळी तो कार्ड घेऊन आला. तळहाताएवढी हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दातांची ओळ आणि एका टोकाला आटे पाडलेली दोन तोंडे. संगणकाचा पत्रा काढून त्याने ती पट्टी आतल्या खाचेत दाबली. ‘खट्’ असा आवाज झाला आणि अर्धे काम झाले असे तो म्हणाला. उरलेले अर्धे छपरावर होते, आणि ते दुपारपर्यंत चालले.

ज्या उपग्रहाकडे आमची डिश वळवायची होती त्याचे नाव जीसॅट-१५. वजन ३,१६४ किलो. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी, आपल्याकडच्या वेळेने उत्तररात्री तीनच्या सुमारास, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून तो वर सोडला गेला. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होते. तेव्हापासून तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरांवर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, पृथ्वीबरोबर तिच्याच वेगाने फिरतो आहे. म्हणून आपल्याला तो जागच्या जागी थांबलेला आहे असे वाटते. साताऱ्याकडून पाहिले तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर येतो. आग्नेय ही आपल्याकडे स्वयंपाकघराची दिशा. आमची डिशही अखेर स्वयंपाकघराच्याच छपरावर बसली.

डिशच्या पुढे दांड्यावर जी डबी असते, तिला हे लोक एलएनबी म्हणतात. उपग्रहावरून येणाऱ्या लहरीची कंपने सेकंदाला हजार कोटींहून अधिक असतात. ती तशीच तारेतून घरात उतरवू गेले, तर वाटेतच विरून जाईल. म्हणून ही डबी तिला बळ देते आणि तिची कंपने उतरवून तिला तारेतून येण्याजोगी करते. गंमत अशी, की ज्या तारेतून चित्र खाली येते त्याच तारेतून कार्ड वर वीज पाठवत असते. १३ व्होल्ट पाठवले की डबी उभ्या लहरी निवडते, १८ व्होल्ट पाठवले की आडव्या. तारेच्या टोकाला वेगळा खिळा नसतो. मधला तांब्याचा तंतूच खिळ्याचे काम करतो, आणि त्याच्याभोवतीच्या जाळीचा एखादा केस जरी त्याला चिकटला तरी सारा कारभार ठप्प होतो. असा एक केस शोधण्यात आमचा तासभर गेला.

यानंतर संगणकाला कार्डाची ओळख करून देणे. त्यासाठी मिथटीव्ही नावाची प्रणाली त्याने वापरली. तिचा आरंभ २००२ सालचा. जगातल्या हौशी माणसांनी ती फुरसतीच्या वेळात लिहिली आणि कोणीही घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी म्हणून मोकळी सोडली. ती चालू झाली, शोध सुरू झाला आणि पडद्यावर वाहिन्यांची नावे एकेक करून उमटू लागली. संध्याकाळच्या आत नववीच्या गणिताचा एक पाठ आम्ही भरून घेतला. अशा तासाभराच्या साध्या चित्राला साधारण एक-दीड गिगाबाइट जागा लागते. जुन्या संगणकाच्या मानाने त्याने बरेच पचवले म्हणायचे.

इथवर सारे निर्वेध होते. मग त्याने सहज म्हणून डिश किंचित सरकवली. जीसॅट-१५च्या शेजारीच, अवघ्या दीड अंशावर, दुसरा उपग्रह आहे. त्याच्या वाहिन्यांचीही नावे यादीत उतरली; किती उतरली ते मी मोजले नाही. पण एकेका नावावर बोट ठेवावे तो पडदा काळा. नाव आहे, लहर आहे, चित्र नाही. वाहिन्या कुलूपबंद होत्या.

‘‘हीही उघडता येतात, सर,’’ तो म्हणाला. ‘‘कुलपाची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. पण एकानं पैसे भरून रीतसर कार्ड घेतलेलं असतं, त्याच्याकडची किल्ली इंटरनेटवरून शंभरांना वाटणारे लोक आहेत. तालुक्यात चार घरांत तसं चालू आहे. मुलं मॅच बघतील तुमच्याकडे.’’

मी नको म्हणालो. त्याने कारण विचारले. ‘‘चोरी आहे ती,’’ मी म्हणालो. त्यावर तो जो हसला त्यात उद्धटपणा नव्हता. तो म्हणाला, ‘‘कुणाचं काय कमी झालं, सर? लहर तर तुमच्या छपरावर पडतेच आहे. तुम्ही पकडली काय आणि न पकडली काय, वर त्या उपग्रहाला कळतही नाही. आणि सर, पाचवीत तुम्हीच नव्हती का गोष्ट सांगितली, मिठाईच्या वासाची?’’

गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. हलवायाच्या दुकानासमोर एक गरीब माणूस वास घेत आपली कोरडी भाकरी खातो. हलवाई वासाचे पैसे मागतो. शहाणा न्यायाधीश नाणी वाजवतो आणि हलवायाला म्हणतो, वासाची किंमत नाण्यांच्या आवाजाने फिटली. शिक्षकाच्या धंद्यात हा धोका नेहमीच असतो. आपण पेरलेली गोष्ट वीस वर्षांनी उगवते, आणि ती आपल्याच वाटेत उभी असते.

कायद्याचा आधार घेतला असता तर मला तिथल्या तिथे उत्तर देता आले असते. आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यातले ३९वे कलम असे सांगते, की प्रसारित झालेला कार्यक्रम स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापनासाठी अगर संशोधनासाठी, मुद्रित करून घेतला तर प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे गणिताचा पाठ भरून घेणे निर्दोष. अमेरिकेतही व्हिडिओ-टेपची यंत्रे निघाली तेव्हा हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १९८४मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मताने निर्णय दिला, की घरी बसून सोयीच्या वेळी पाहण्यासाठी फुकट दिसणारा कार्यक्रम टेप करणे रास्त आहे. उलट, कुलूप तोडण्याची गोष्ट निराळी. इतरांच्या हक्काचा भंग करण्याच्या हेतूने अशी तांत्रिक कुलुपे तोडणे हा आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवला आहे. पण कायदा असा आहे, एवढे सांगून मुलाचे समाधान करणे म्हणजे ‘मी सांगतो म्हणून’ असे म्हणण्यासारखेच आहे. त्याने विचारले होते ते निराळेच: यात वाईट काय?

म्हणून आधी मिठाईच्या गोष्टीचाच निकाल लावू. हलवाई हरला तो का? वास फुकट असतो म्हणून? मला वाटते, तो हरला कारण वास हा त्याचा माल नव्हता. त्याने कढई चढवली ती जिलबी खाल्ली जावी म्हणून. वास हा त्या उद्योगाचा सांडलेला भाग. वास घेणाऱ्याच्या पोटात जिलबी जात नाही आणि हलवायाच्या थाळीतली एकही कमी होत नाही. पण सिनेमाचे किंवा क्रिकेटच्या सामन्याच्या चित्रणाचे काय? उजेड आणि आवाज यांखेरीज त्यात दुसरे काहीच नसते. तो उजेड, तो आवाज हीच जिलबी. कॅमेरेवाले उन्हात उभे राहिले, कोणी बोलले, कोणी शिवले, कोणी रंगवले, ते सारे त्या उजेडासाठी. तेव्हा इथे वास घेऊन माणूस उपाशी परतत नाही. तो जेवून उठतो. हलवायाची गोष्ट या खटल्याला लागू पडत नाही.

मग ‘कुणाचं काय कमी झालं?’ हा दुसरा प्रश्न उरतो, आणि तो जास्त अवघड आहे. कारण खरोखरच कोणाचे काही कमी झालेले दिसत नाही. दिवाळीच्या दिवसांत याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. एका पणतीवर दुसरी पणती लावली तर पहिलीचा उजेड तसूभरही कमी होत नाही. एकीवर शंभर लावा. ती तशीच तेवत राहते. ज्ञान, गाणे, गोष्ट, चित्र ही सारी या ज्योतीच्या जातीची. वाटल्याने ती घटत नाहीत, आणि म्हणूनच ती वाटली जावीत असे आपल्याला मनापासून वाटते.

परंतु पणतीत ज्योतीखेरीज आणखी काहीतरी असते. ज्योत कितीही वाटता येते. तेल वाटले की संपते. प्रत्येक पणतीत तेल कोणीतरी ओतावे लागते, आणि ते वाण्याकडून मोजूनच येते. पाठ मुद्रित करणाऱ्या स्टुडिओचे भाडे, उपग्रहाकडे लहर चढवणाऱ्या केंद्राची वीज, बोलणाऱ्या शिक्षकाचे मानधन हे सारे तेल. माझ्या विद्यार्थ्याने ज्योतीकडे बोट दाखवून विचारले, ‘काय कमी झाले?’ त्याचे बोट तेलाकडे वळले असते, तर उत्तर त्याचे त्यालाच दिसले असते. चोरून पाहणारा ज्योत कमी करत नाही; तो आपल्या वाट्याचे तेल दुसऱ्याला ओतायला लावतो. तालुक्यातली ती चार घरे जो सामना पाहतात, त्याचे पैसे पलीकडच्या आळीतला सायकल-दुकानदार भरत असतो. त्याच्या खिशातून एक पैसाही जास्त गेलेला दिसत नाही, म्हणून कोणी ओरडत नाही, इतकेच.

यावर एक शंका रास्तच येईल. फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांचे तेल पुष्कळदा जाहिरातींतून येते. आणि आमच्या या पेटीला तर जाहिरात ओळखून ती ओलांडून पुढे जाण्याची युक्तीही येते. मग तीही चोरीच नव्हे काय? मला तसे वाटत नाही. जाहिरातदार आपला माल दाराबाहेर मांडतो, येणाराजाणारा पाहील या आशेवर. पाहीनच असा शब्द कोणी त्याला दिलेला नसतो. जाहिरात लागली की चहाचे आधण ठेवायला उठणारी गृहिणी कोणाचाही विश्वासघात करत नाही. आपण घराबाहेर आकाशकंदील लावतो तेव्हा त्याचा उजेड रस्त्यावर पडतो, आणि त्या उजेडात कोणी आपली हरवलेली किल्ली शोधली तर आपण हिशेब मागत नाही. मात्र त्याच घराच्या बंद दाराआडच्या दिव्याला हा नियम लागू नाही. कुलूप हा एक उच्चारलेला शब्द आहे: ‘इथून पुढे विचारून या.’

आता कोणी म्हणेल, शब्द खरा. पण तो उच्चारण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? आकाश त्याच्या बापाचे आहे काय? या प्रश्नात जोर आहे, आणि आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मानलाही आहे. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने भरवलेल्या एका स्पर्धेचे चित्रण कोणी दाखवायचे यावरून सरकारशी वाद झाला. तो न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट सांगितले, की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांचा वापर सार्वजनिक हितासाठी झाला पाहिजे, आणि त्यावर सरकारची काय किंवा कोणा धनिकाची काय, मक्तेदारी असू नये. म्हणजे रस्ता सर्वांचा. पण रस्ता सर्वांचा आहे म्हणून त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीतला गूळही सर्वांचा, असे होत नाही. रस्त्याच्या मालकीने एवढेच ठरते, की गाडीवानाला रस्ता अडवता येणार नाही आणि गावाचे म्हणणे त्याला ऐकावे लागेल.

‘‘आणि गाडीवानानं गुळाचा भाव असा लावला, की गावातल्या निम्म्या पोरांना तो कधी चाटायलाच मिळणार नाही, तर?’’ माझा विद्यार्थी म्हणाला. तो आता संगणकाचा पत्रा बसवत होता आणि एकेका स्क्रूगणिक एकेक प्रश्न विचारत होता. ‘‘अन्यायाचं कुलूप तोडायला हरकत काय? गांधीजींनी मीठ नाही उचललं?’’

मला हा प्रश्न आवडला, कारण तो खरा होता. मिठाचा इतिहास या प्रश्नाच्या अगदी जवळून जातो. समुद्र सर्वांचा, मीठ त्याने दिलेले, आणि सरकारने त्याला कुलूप घातलेले. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला ते तोडले गेले. पाठोपाठ मे महिन्यात आपल्याकडे शिरोड्यालाही, जिथे वि. स. खांडेकर शिक्षक होते, त्याच गावी, लोकांनी मीठ उचलले. कोठे मिठाचा सत्याग्रह आणि कोठे क्रिकेटचा सामना! विषयांच्या तोलाची तुलना मी करत नाही. ती करणे हास्यास्पद होईल. मी पाहतो ती फक्त कुलूप तोडण्याची रीत.

ती रीत अशी होती. दांडीयात्रा निघण्यापूर्वी, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार हे कळवले. मग ते चालत निघाले, गावोगाव थांबत, दिवसाढवळ्या, साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत. मूठभर मीठ उचलले ते घरच्या आमटीत घालण्यासाठी नव्हे. ते कुलूप सर्वांसाठी निघावे म्हणून. आणि त्याबद्दल मिळेल ती शिक्षा घ्यायला ते तयार होते. मिठाचा चोरही कुलूप तोडतो. पण तो रात्री तोडतो, आपल्यापुरते तोडतो, आणि त्याची मनापासून इच्छा असते की कुलूप इतरांसाठी तसेच राहावे. कारण सर्वांसाठी ते निघाले तर त्याच्या हिकमतीला किंमत उरणार नाही.

यावरून मला एक साधी कसोटी सुचली, आणि ती मी त्याला सांगितली. ज्याचे कुलूप उघडायचे त्याला आधी पत्र लिहावे. आपले नाव, गाव, पत्ता घालून लिहावे: ‘आपली अमुक वाहिनी मी आजपासून पैसे न भरता पाहणार आहे, त्याचे कारण असे असे.’ असे पत्र सहीनिशी टपालात टाकण्याची तयारी असेल, तर कुलूप उघडणारा कदाचित चुकत असेल, पण तो चोर नाही. आणि पत्राच्या कल्पनेनेच हसू येत असेल, तर उत्तर मिळालेले आहे. आकाशातल्या चोरीला साक्षीदार नसतो. उपग्रहाला कळत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही, धन्याच्या वहीत तूट पडत नाही. म्हणून अशा ठिकाणी साक्षीदार आपणच नेमावा लागतो, आणि पत्र हा तो साक्षीदार.

आणि पत्रे लिहून कुलुपे निघतच नाहीत असेही नाही. आमच्या ट्रंकेत वडिलांच्या रेडिओचा परवाना अजून आहे; एके काळी नुसते ऐकण्यासाठीही पोस्टात पैसे भरून तो दरवर्षी काढावा लागे. ऐंशीच्या दशकात ती पद्धत बंद झाली. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनने मासिक वर्गणीवाचून दिसणारी उपग्रह-सेवा सुरू केली. डोंगरातल्या वाडीवर एकदा डिश आणि पेटी विकत घेतली की झाले. २००७ साली संसदेने कायदा केला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या खेळांच्या सामन्यांचे चित्रण ज्याच्याकडे असेल त्याने ते प्रसार भारतीलाही दिले पाहिजे. म्हणजे माझा विद्यार्थी जे म्हणत होता, की काही गुळावर गावाचाही हक्क असावा, ते संसदेनेही काही अंशी मान्य केले. फरक इतकाच, की या मार्गाने कुलूप निघाले ते त्या चार घरांसाठी नव्हे, चारही आळ्यांसाठी निघाले.

‘‘कायदा होईपर्यंत मॅच संपते, सर,’’ तो म्हणाला.

संपते खरी. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि नाही. सरळ वाटेने चालणाऱ्याच्या पुष्कळ मॅच हुकतात. पण हुकलेली मॅच आणि हुकलेला पाठ यांत मी फरक करतो. उद्या एखाद्या गरीब मुलीला खरोखरच लागणारा पाठ कुलपाआड असला, तर मी आधी त्या वाहिनीला पत्र लिहीन, मागणी करीन, पुन्हा लिहीन, वर्तमानपत्रात लिहीन. उत्तर आलेच नाही तर काय करीन, ते त्या वेळी ठरवीन. पण जे करीन ते सहीनिशी करीन. हे ऐकून तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘पत्राचा मजकूर तुम्ही लिहा, सर. सही करायला मी येतो.’’ तो थट्टेने म्हणाला की मनापासून, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही. डिश मात्र त्याने पुन्हा दीड अंश मागे सरकवली, नट घट्ट केले, आणि मजुरीचे पैसे मी देऊ केले त्याहून पन्नास रुपये कमी घेतले.

तो गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ज्या प्रणालीच्या जोरावर ती कुलुपे उघडायची भाषा चालली होती, ती प्रणालीही कोणी तरी फुकटच दिलेली होती. पण ती देणाऱ्यांनी आपले नाव लावून, अटी लिहून, सर्वांसमक्ष दिली. अट एवढीच, की तुम्हाला जसे मोकळे मिळाले तसेच पुढच्याला मोकळे द्या. मोकळे आणि फुकट हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. फुकट म्हणताना आपण फक्त आपल्या खिशाकडे पाहतो; मोकळे म्हणताना देणाऱ्याचा उघडा हात दिसतो, आणि आपल्या मागे उभा असलेला घेणाराही दिसतो.

आता संध्याकाळी मुले येतात तेव्हा दिवसाचे पाठ पेटीत भरलेले असतात. परवा आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, हे पाठ फुकट कसे? कोण देतं?’’ मी खडू तिच्याच हातात दिला आणि सर्वांनी मिळून फळ्यावर यादी केली. पाठ शिकवणारे शिक्षक, चित्रण करणारे, लहर वर चढवणारे, उपग्रह बांधणारे, तो सोडणारे, आणि या सगळ्यांना पैसे देणारे सरकार. ‘‘सरकारला कोण देतं?’’ पुन्हा तीच. कराचा धडा त्यांना अजून व्हायचा होता, म्हणून मी काडेपेटीचे उदाहरण दिले: आई दुकानातून काडेपेटी आणते, तिच्या किमतीत थोडा कर असतो, तो सरकारकडे जातो. तिने बराच वेळ फळ्याकडे पाहिले. मग यादीच्या शेवटी, अगदी तळाला, तिने स्वतःच्या अक्षरात ‘आई’ असे लिहिले आणि म्हणाली, ‘‘मग हे आमचंच आहे की.’’

मी हो म्हणालो, आणि पाठ सुरू केला.